दरवानाच्या जागी कोण लावला?

यंदाही भात पिकून पिवळं झालं आणि आईचा फोन आला. "कापणीला येतेस, की रजा मिळाली नाही म्हणून सांगू सगळ्यांना?" आई मला 'ये' असं कधी म्हणत नाही. ती दोन पर्याय समोर ठेवते, आणि दुसरा ऐकायला इतका वाईट असतो की मी मुकाट पहिला निवडते. पुण्यात एका कंपनीत मी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देते. लेखी उत्तरं, म्हणून तर टिकले. रजा मिळाली आणि शनिवारी सकाळी मी मळवलीला उतरले.

स्टेशन मागे पडून दोन्ही बाजूंना खाचरं लागली की एक वास येतो. शिजलेल्या इंद्रायणीचा नाही, तो तर सगळ्यांना ठाऊक असतो. हा त्याच्या कितीतरी आधीचा: उन्हात तापलेल्या ओंब्यांचा, भात कापल्यावर उरलेल्या ताज्या धसांचा, बांधावरच्या अर्धवट वाळलेल्या गवताचा. हा वास मला इंग्रजीत कधी सांगता आला नाही, आणि मराठीत सांगायची वेळ आली नाही, कारण ज्यांच्याशी मी मराठीत बोलायचे ते सगळे त्याच वासात उभे असायचे.

आणि दर वर्षी या वासाबरोबर मला एक किल्ला आठवतो. लोहगड नव्हे. तो तर समोरच असतो, आठवायची गरज नाही. हा दुसरा, सात दरवाज्यांचा, पुस्तकातला.

मी नववीत होते. लोणावळ्याला सिस्टरांच्या शाळेत जायचे, एकच स्टेशन पुढे. तिथे मूल्यशिक्षणाचा तास असायचा. भिंतीवर एक तक्ता होता. श्रद्धा, आशा, प्रेम, विवेक, न्याय, संयम, धैर्य, असे सात सद्गुण त्यावर इंग्रजीत रंगवलेले, आणि प्रत्येकासमोर एक कबूतर. सातही कबुतरं हुबेहूब सारखी होती, त्यामुळे संयमाचं कुठलं आणि धैर्याचं कुठलं हे कळायला वाचावंच लागायचं. सातांच्या खाली, कबूतर न मिळालेला, आठवा शब्द कुणीतरी पेनानं वाढवला होता: नम्रता. माझ्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी लाल शाईत एकच शेरा असायचा, 'शांत आणि नम्र मुलगी'. त्यामुळे तो आठवा शब्द आपल्याच मालकीचा आहे अशी माझी समजूत होती. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करायचे नाही. दुकानात सुटे परत मागायचे नाही. पाहुणे आले की मागच्या दारानं बाहेर. या सगळ्याला मी नम्रता म्हणत होते.

दिवाळीच्या सुट्टीत सिस्टरांनी प्रकल्प दिला. एक जुनं, गाजलेलं अद्भुतकथेचं पुस्तक वाचा आणि त्यातले सद्गुण शोधून तक्ता भरा. कुठल्या पात्रात कुठला, कुठल्या पानावर.

पुस्तकाची सोय घराशेजारीच होती. आमच्या खाचराला लागून मुंबईच्या साहेबांचा बंगला आहे. त्याची देखरेख पप्पा करायचे; सगळे त्यांना भाऊ म्हणत. बागेला पाणी, बिलं, साहेब येणार असले की भाजी-मटण. झाडलोट बुधीमावशीकडे. ती वरच्या डोंगरातल्या वाडीवरून रोज सकाळी उतरायची, दहाच्या आत बंगला लख्ख करायची आणि कापणीच्या दिवसांत तिथून तशीच आमच्या शेतात यायची. भात संपलं की वाडीतल्या माणसांना हाताला काम नसतं. बंगल्याचं काम मात्र बारमाही, आणि सावलीतलं. म्हणून ते ती जिवापाड जपायची.

बंगल्यात साहेबांच्या लहानपणच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. पप्पांनी एका वेळी एक न्यायची परवानगी काढून दिली होती. आत जायचं ते मागच्या छोट्या लोखंडी गेटनं, आणि येता-जाता कडी लावायची, एवढा एकच नियम. त्या कपाटातली मी अशी बरीच पुस्तकं वाचली. बर्फाची राज्यं, बोलणारी जनावरं, शापित तळी. राज्यं वेगळी असली तरी आतली माणसं नात्यातली वाटायची. जग वाचवायचं काम नेहमी सगळ्यात बुटक्या, सगळ्यात गप्प माणसावर यायचं. मोह चांगल्या खाण्याचं किंवा उबेचं रूप घेऊन यायचा. खरा राजा फाटक्या कपड्यांत हिंडायचा आणि त्याला ओळखायची ती एखादी मोलकरीण. माझ्यासारख्या मुलीला यापेक्षा बरी बातमी कुठली असणार? आपणही एक दिवस असंच काहीतरी करू, फक्त तोवर गप्प राहायचं.

प्रकल्पासाठी निवडलेल्या पुस्तकाला कव्हर नव्हतं. नावही नव्हतं, लेखकही नव्हता. पण जाड होतं, आणि जाड पुस्तकात सद्गुण जास्त सापडतील असा माझा हिशोब.

कापणी आमच्याकडे पैऱ्यावर चालायची. आज सगळे आमच्या खाचरात, उद्या आम्ही सगळे त्यांच्या. मला दुसऱ्याच दिवशी विळा लागला. करंगळीला बारीकशी चीर, पण आईनं तिला एवढी मोठी चिंधी बांधली की विळा धरणंच अशक्य झालं. मग माझ्याकडे पाणी देणं आणि पेंढ्या मोजणं आलं. पेंढ्या मोजता मोजता मी बांधावर बसून वाचायचे.

"काय वाचतीस गं एवडं?" कलाकाकूनं विचारलं. कलाकाकू म्हणजे आमची शेजारीण. तिच्या तोंडाला विळ्यापेक्षा जास्त धार होती.

"गोष्ट आहे."

"मग मनातल्या मनात का? आमी काय परके हाय का?"

"इंग्रजीत आहे काकू."

"गोष्टीला काय इंग्रजी आन मराठी? मेला का जगला, येवडंच तर असतंय."

आबांनी, माझ्या आजोबांनी, वाकलेली पाठ सरळ केली आणि फर्मान काढलं. "सांग मोठ्यानं. हात चालतील आमचे. ट्रान्झिस्टर बिघडलाय."

अशी मी ट्रान्झिस्टरच्या जागी लागले. आयुष्यात पहिल्यांदा सलग दोन वाक्यांहून जास्त बोलले, तेही सहा जणांच्या पाठींकडे बघत. पाठींशी बोलणं सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं.

गोष्ट अशी होती. उंच डोंगरावर सात दरवाज्यांचा किल्ला. खालच्या खोऱ्यात धुकं, आणि धुक्यात करडा सरदार. तो ज्याच्यावर फुंकर घाली तो आपलं नाव विसरे. किल्ल्याच्या सर्वांत लहान, सातव्या दरवाज्यावर एक म्हातारा दरवान. त्यानं एक अनाथ मुलगी सांभाळलेली. मुलीला सदा थंडी वाजते. एके दिवशी करडा सरदार दाराच्या फटीतून तिच्याशी गोड बोलतो. दार उघड, मी तुला असा लाल कोट देईन की पुन्हा कधी थंडी वाजणार नाही. आणि ती दार उघडते.

"फितुरी!" आबा म्हणाले. त्यांचा विळा हवेतच थांबला. "मी म्हनलंच हुतं. फितुरीबिगर किल्ला पडतच न्हाई. कडेलोट करा तिचा." आणि त्यांनी लोहगडाकडे असं बघितलं, जणू जागाही ठरली.

"बारा वर्षांची आहे ती आबा."

"मग बारक्या कड्यावरनं करा."

"येका कोटापायी?" कलाकाकू म्हणाली. "आन त्योबी लाल. दुसरा रंग तरी मागायचा."

"थंडी वाजत हुती तिला," बुधीमावशी म्हणाली. ती तोवर एक शब्दही बोलली नव्हती. "म्हाताऱ्याला दिसत न्हवतं का पोर कुडकुडतीया ते? आदी घोंगडी द्यायची, मग दाराची राखन सांगायची."

माझ्या तक्त्यात या मुद्द्यासाठी रकानाच नव्हता.

पुढे शत्रूला कसंबसं हुसकावलं जातं, पण किल्ल्याचा कायदा कडक. दार उघडणाऱ्याला मरण. सगळ्यांना चौकात उभं करून विचारतात, दार कुणी उघडलं? मुलगी गप्प. आणि म्हातारा दरवान पुढे येऊन म्हणतो, मी. त्याला मारतात. मग कळतं, की तोच खरा राजा होता. सगळ्यात लहान दरवाजा कुणी सांभाळायला तयार नव्हतं, म्हणून वेश बदलून तिथे बसला होता.

हे मी आदल्या रात्री वाचून उशी ओली केली होती. शेतात सांगतानाही माझा आवाज कापला. नुसता भात कापल्याचा खर्र खर्र आवाज. मला वाटलं, पोचलं.

"मग दरवानाच्या जागी कोण लावला?" बुधीमावशीनं विचारलं.

"म्हणजे?"

"त्यो मेला. दार तर ऱ्हायलंच की. सकाळी कडी काडाया कुनीतरी नगं का?"

मी पानं उलटली. वाचलेल्या एवढ्या पानांत याचं उत्तर नव्हतं. आता वाटतं, असली पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरची दारं सकाळी दुसरंच कुणीतरी उघडत असणार.

खरा गोंधळ उडाला तो दुसऱ्या दिवशी, भाकरी खाताना. मी सांगितलं, की तिसऱ्या दिवशी राजा उठून परत आला.

"तिसऱ्याला?" कलाकाकूनं हातातला घास खाली ठेवला. "म्हंजे सावडायच्या दिशी?"

आमच्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. मी इतकी वर्षं शाळेत ही तिसऱ्या दिवसाची गोष्ट ऐकत होते, गुड फ्रायडेनंतर ईस्टरला फळ्यावर रंगीत खडूनं अंडी काढत होते, पण हा दिवस आमच्याही घरचा आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मंग सावडाया गेलेल्यांनी काय केलं?" आई म्हणाली. "राखच न्हाई म्हनल्यावर?"

"आन सुतक?" आबांना कायद्याचा प्रश्न पडला. "धरायचं का सोडायचं? समजा तीन दिवस धरलं, आन मेलेलाच दारात येऊन हुबा ऱ्हायला. मंग?"

"आंघोळ करायची आन घरात घ्यायचं," आई म्हणाली.

"कुनी आंघोळ करायची? त्यानं का आपुन?"

"दहाव्याचं सामान आनलेलं आसंल त्याचं काय?" कलाकाकू म्हणाली. "आचारी सांगितलेला आसंल."

"त्यालाच जेवाया बसवायचं," बुधीमावशी म्हणाली. "तीन दिस उपाशीच आसंल."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन मला म्हणाले, "का गं, तुमच्या सिस्टरी सांगत्यात त्या गोष्टीतबी असंच हाय का? मेलेला परत येनारा?"

"हो. येशूची. तिसऱ्याच दिवशी."

"तितं कोन गेलतं बगायला?"

"बायका गेल्या होत्या. पहाटे."

"आन पुरुष मंडळी?" कलाकाकूनं विचारलं.

मी आठवलं. "घाबरून दार लावून बसली होती."

यावर बायका इतक्या हसल्या की बांधापलीकडच्या शेतातूनही विचारणा झाली. "म्हंजे समदीकडं सारकंच हाय," कलाकाकू म्हणाली आणि तिनं आबांकडे बघितलं. आबा लोहगड बघत होते.

मुलीचं पुढे काय झालं, ते मात्र सांगायचं राहिलं होतं. मीच अजून वाचलं नव्हतं. राजा परत आला, आता तो तिला काय म्हणतो? मला धीर धरवेना, आणि बांधावर बसलं की कुणीतरी पाणी मागायचं. म्हणून त्या दुपारी मी हंडा भरून ठेवला आणि बंगल्याच्या मागच्या गेटनं आत शिरून व्हरांड्याच्या पायरीवर वाचत बसले. पप्पा कामशेतला गेले होते. साहेब संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन येणार होते, त्यांच्यासाठी बाजार करायला.

कडी लावायची राहिली. पुस्तकात दार उघडं टाकणाऱ्या मुलीबद्दल वाचायची इतकी घाई झाली होती, की मी दार उघडं टाकलं. हे मी आज हसत लिहिते. तेव्हा ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लक्षात आलं ते 'पच्चाक' असा आवाज झाला तेव्हा.

कलाकाकूची राणी म्हैस कापलेल्या खाचरात चरत होती. उघडं गेट बघून ती आत आली, साहेबांच्या मॅडमची लिली चाखली, मग हिरवळीवरून चालत स्विमिंग पुलाकडे गेली. पुलाच्या उथळ बाजूला रुंद पायऱ्या आहेत. पाहुण्यांच्या लहान मुलांसाठी केलेल्या. राणी त्या एक एक करून उतरली आणि निळ्या पाण्यात बसली. नुसतं डोकं वर. डोळे मिटलेले. इतकं समाधान मी अजून कुठल्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

मी आधी तिला हळू आवाजात विनंती केली. मग पळत शेतात गेले, पण तोंडातून शब्द फुटेना. मी नुसता हात दाखवला. सगळे विळे टाकून धावले.

"राणे, ये गं बया, ये भाईर," कलाकाकू काठावरून आर्जव करत होती. राणीनं एक कान हलवला. आबांनी काठीनं पाणी हलवून बघितलं. आईनं पुलातलं पाणी सोडायची चावी शोधली, ती फिरवली आणि बागेतले सगळे फवारे सुरू झाले. आणि त्या फवाऱ्यांतून, संध्याकाळऐवजी दुपारीच, साहेबांच्या दोन गाड्या आत आल्या.

पाहुण्यांची मुलं आनंदानं किंचाळली. दोघं-तिघं मोबाइल काढून पुलाकडे धावले. साहेब मात्र पांढरी पँट सावरत काठावर उभे राहिले. बुधीमावशीनं तोवर शेतातून ओंब्यांची एक पेंढी आणली होती. ती पायरीवर धरून तिनं जिभेनं एक आवाज काढला. राणी उठली, पायऱ्या चढून वर आली, पेंढीला तोंड लावलं आणि मग साहेबांच्या अगदी शेजारी उभी राहून तिनं अंग झाडलं.

"मागचं गेट कोणी उघडं ठेवलं?" साहेबांनी विचारलं.

आईनं फवाऱ्यांची चावी बंद केली.

"भाऊ कुठायत? भाऊंनी ठेवलं का? मी एवढा विश्वास टाकतो, आणि..."

मी पायाकडे बघत होते. एक चप्पल होती, दुसरी पळताना कुठेतरी पडली होती. उत्तर मला येत होतं. हात वर करायचा होता फक्त.

"म्या ठिवलं साहेब," बुधीमावशी म्हणाली. "सकाळी झाडून जाताना. कडी लावायची इसरले."

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"बरं," बुधीमावशी म्हणाली, आणि राणीला घेऊन मागच्या गेटनं बाहेर गेली. जाताना तिनं कडी लावली.

जे वाचून माझी उशी ओली झाली होती, ते भर दुपारी माझ्यासमोर घडलं आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी फक्त घाबरले होते. पुस्तकातली ती मुलगी गप्प का राहिली, याचं उत्तर मी तक्त्यात लिहिलं होतं, 'धैर्याचा अभाव, पान दोनशे बारा.' प्रत्यक्षात अभाव वगैरे काही वाटत नाही. प्रत्यक्षात जीभ जड होते, कानात वाफ भरते, आणि आता बोलू, आता बोलू असं म्हणता म्हणता सगळे आपापल्या कामाला निघून गेलेले असतात. तरीही मी स्वतःला समजावलं, की साहेबांसमोर मुलीनं तोंड उघडणं बरं दिसलं नसतं. मी नम्र मुलगी. लाल शाईत लिहिलेलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी बुधीमावशी सकाळी सातलाच शेतात हजर. बंगला नव्हताच आता. दुपारी भाकरी सोडताना तिनं फडक्यातून काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. पुस्तक. मी ते व्हरांड्याच्या पायरीवर विसरले होते. साहेबांची नजर पडायच्या आत तिनं ते उचलून पदराखाली घेतलं होतं. पानांना लसणीच्या ठेच्याचा वास लागला होता.

"ऱ्हायलं हुतं तुजं," ती म्हणाली. "म्होरं सांग. त्या पोरीचं काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पाठी नव्हत्या, तोंडं होती.

मी सांगितलं. राजा परत आला तेव्हा मुलगी तळघरात लपली होती. त्यानं तिला शोधून काढलं. तिला वाटलं, आता विचारेल. पण त्यानं काहीच विचारलं नाही. सातव्या दरवाज्याची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि निघून गेला. संपलं. सिस्टर अशा जागी वर्गात डोळे मिटून म्हणायच्या, हीच कृपा. न मागता मिळते ती.

"काईच इचारलं न्हाई?" बुधीमावशी म्हणाली.

"नाही."

"लय वंगाळ." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "इचाराया पायजे हुतं. इचारलं असतं तर पोरीला बोलता तरी आलं असतं. आता ती किल्ली घिऊन जलमभर कुडं जाईल?"

आबा काही बोलले नाहीत. कलाकाकूसुद्धा नाही. आणि कलाकाकू गप्प राहिली की समजावं, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

"मावशी," मी म्हणाले, "गेट मी उघडं ठेवलं होतं."

"व्हय," कलाकाकू म्हणाली. "तुजी चप्पल घावली मला लिलीत."

"आमाला काय सांगतीस?" बुधीमावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "आमी काय साहेब हाय?"

बंगल्यापर्यंत दोनशे पावलं असतील. मी ती चालले. यात धैर्य किती होतं ते सांगता येत नाही, कारण मागून सहा जण बघत होते आणि परत फिरणं जास्त अवघड होतं. साहेब व्हरांड्यात पोहे खात होते. शाळेत वर्षानुवर्षं घोटलेलं सगळं इंग्रजी, आणि घरातलं सगळं मराठी, ऐन वेळी मला सोडून गेलं. तोंडातून जे आलं ते थेट पुस्तकातलं, खणखणीत आवाजात, "सर, इट वॉज आय हू ओपन्ड द गेट. द ओल्ड वुमन इज इनोसंट."

साहेबांचा चमचा थांबला. पाहुण्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी नाटकातला उतारा म्हणून दाखवतेय. मग मात्र मला मराठी सापडलं, आणि मी सगळं सांगितलं. कडी, पायरी, म्हैस. पप्पांचा दोष नाही, मावशीचा नाही, म्हशीचाही नाही. रडले, पण बोलायचं थांबले नाही. साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "त्या बाईंना उद्यापासून यायला सांग. आणि तू आता पाणी पी."

गोष्टीतलं असतं तर हे इथेच संपलं असतं. मी धावत शेतात आले आणि निरोप सांगितला. बुधीमावशीनं तो शांतपणे ऐकून घेतला.

"उद्या न्हाई जमायचं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"भात झोडायचंय तुमचं. मंग कलाबायचं. शबुद दिलाय. सायबाला सांग, झोडनी झाली की येईन. तवर झाडा म्हनावं."

मला पुन्हा दोनशे पावलं चालावी लागली. या खेपेला निरोप माझा नव्हता, म्हणून वाक्यं सरळ आली. त्या दिवाळीत आठवडाभर मॅडमनी स्वतः बंगला झाडला. आम्हाला खळ्यावरून दिसायचं. केरसुणी त्या उलटी धरायच्या, आणि कलाकाकूला झोडणीपेक्षा ते बघण्यात जास्त रस होता. मलाही कामाला लावलं होतं. चिंधी सोडून बुधीमावशीच्या शेजारी, फळीवर पेंढ्या आपटायला. माझ्या पेंढीतले निम्मे दाणे पेंढ्यातच राहायचे. मावशी ती पेंढी उचलून पुन्हा आपटायची.

उरलेला तक्ता मी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भरला. नम्रतेच्या रकान्यात माझ्याकडे लिहायला दरवान होता, पान होतं, सगळं होतं. पण ते लिहिताना पहिल्यांदा वाटलं, की दरवान तर चौकात सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलला होता. गप्प राहिली होती ती मुलगी. म्हणजे हा शब्द मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाचा समजत होते. प्रगतिपुस्तकात पुढेही तोच शेरा येत राहिला. तो वाचून मला नंतर कधी आनंद झाला नाही, एवढंच.

झोडणी संपल्यावर एका सकाळी बुधीमावशी परत बंगल्यावर निघाली. मी तिच्याबरोबर गेले. शाळा सुरू व्हायला एक दिवस होता, आणि एक गोष्ट विचारायची राहिली होती. ती मागच्या गेटनं गेली नाही. वळसा घालून पुढच्या मोठ्या गेटनं आत शिरली. आतल्या वाटेवर मी विचारलं, "मावशी, तुम्ही का म्हणालात, मी ठेवलं म्हणून?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, तू लेकरासारखी, किंवा भाऊंचं काम गेलं असतं. काहीतरी असं, जे तक्त्यात बसेल.

"भाऊ हितं न्हवता," ती चालता चालता म्हणाली. "तू मुकी. म्हशीला बोलता येत न्हाई. साहेब इचारीत हुता तर कुनी तरी बोलाया नगं का?"

"पण तुमचं काम गेलं असतं."

"गेलंच हुतं की."

"मग मी बोलले नसते तर?"

ती थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू या प्रश्नाचा तिनं सात-आठ दिवस रोज विचार केला होता आणि आता त्याचा कंटाळा आला होता.

"तर मंग म्या तुला आविष्यभर शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली. "चल, पाय उचल. बया, काय करून ठिवलंय अंगनाचं."

आणि केरसुणी सरळ धरून ती झाडायला लागली.